घरातलं सहज संभाषण

कन्नडच का शिकायचंय, हा प्रश्न धारवाडात स्नेहाला रोज कुणी ना कुणी विचारायचंच. खरं उत्तर असं की, उन्हाळ्यात परदेशी जाऊन भाषा शिकण्यासाठी तिच्या टोरांटोच्या विद्यापीठात ज्या शिष्यवृत्त्या होत्या, त्यात जपानीला तीनशे अर्ज आले होते आणि कन्नडला चार. पण असलं खरं काय चारचौघांत सांगायचं असतं? म्हणून ती म्हणायची, "ननग कन्नड भाळ सेरतद," म्हणजे मला कन्नड फार आवडतं. लोक खूश व्हायचे आणि तिला चहा पाजायचे. दिवसाला सात चहा झाले की ती झोपायची नाही, आणि झोप नसली की दुसऱ्या दिवशी वर्गात तिला साधी क्रियापदंही आठवायची नाहीत.

त्यातून तिचं तोंड पडलं हिंदुस्थानी. आई गुजराती, वडील तेलुगू, घरात सगळा व्यवहार इंग्रजीत. बरोबरच्या तिघांचे केस सोनेरी, त्यांनी नुसतं 'नमस्कार' म्हटलं तरी रिक्षावाला टाळ्या वाजवायचा. स्नेहा अख्खं वाक्य बोलली तर तो म्हणायचा, "शिकलेली दिसतेस, नीट बोलता येत नाही का?" कार्यक्रमाच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढले तेव्हा तिघांना केळीच्या पानावर जेवायला बसवलं आणि स्नेहाच्या हातात कॅमेरा दिला.

राहायला तिला मळमड्डीत सदाशिवअण्णांचं घर मिळालं. आता गंमत ऐका. आलीय कन्नड शिकायला, आणि घर पक्कं मराठी. अण्णांच्या आजोबांनी मिरजेहून येऊन हुबळीच्या बाजारात भांड्यांचं दुकान टाकलं होतं, ते आता अण्णा चालवतात. अर्जात 'घरात बोलली जाणारी भाषा' अशी ओळ होती. अण्णा दिवसाचे दहा तास गिऱ्हाइकांशी कन्नडात घसा कोरडा करतात, त्यांनी बिनधास्त 'कन्नड' लिहून टाकलं. समिती घर बघायला आली, तिनं कमोड बघितला, समाधानानं मान हलवली आणि निघून गेली. भाषेचं कुणी विचारलंसुद्धा नाही.

नंतर मात्र एक शपथपत्र आलं. विद्यार्थिनीसमोर घरच्यांनी फक्त कन्नडच बोलायचं. झालं! अण्णांची बायको वत्सलाबाई, कॉलेजात जाणारी मुलगी कविता आणि स्वतः अण्णा, तिघांनी सह्या केल्या. कन्नड त्यांना तोंडपाठ, पण नवऱ्यावर डाफरायचं, मुलीची चेष्टा करायची, ते वत्सलाबाईंना तीस वर्षांत मराठीशिवाय कधी जमलं नव्हतं. पाहुणीसमोर मग उरायचं काय? "ऊट आत?" जेवण झालं का? झालं. आणखी वाढू? नको. हवा छलो, म्हणजे चांगली आहे. हो, छलो आहे.

रोज सकाळी स्नेहा जागी व्हायची ती स्वयंपाकघरातल्या हसण्यानं. काय चालायचं कुणास ठाऊक! कविता काहीतरी नक्कल करायची, अण्णा ठसका लागेपर्यंत हसायचे, वत्सलाबाई "गप बसा की हो" म्हणत स्वतःच खिदळायच्या. स्नेहा दारात आली की सगळं बंद. तिघं सरळ बसायची, वत्सलाबाई हात पुसत पाहुण्यांना लावतात तो सगळा आदर लावून विचारायच्या, "झोप नीट लागली का?" ताट उचलायला गेली तर उचलू द्यायच्या नाहीत, भाजी निवडायला बसली तर सूप काढून घ्यायच्या. इतकं जपायच्या की स्नेहाला रडू यायचं. हे हसणं एकदा, फक्त एकदा, आपण आत गेल्यावरही चालू राहावं, एवढंच तिला हवं होतं. शिष्यवृत्तीच्या अर्जात असलं काही मागायला जागा नसते.

दिवस मात्र गच्च भरलेला. सकाळी केलगेरीच्या बाजूला वर्ग, दुपारी 'समाजात मिसळणे'. म्हणजे बाजारात जाऊन एखाद्या भाजीवालीशी घासाघीस करायची आणि केली म्हणून तिची सही आणायची. भाजीवाल्या हुशार. दोनदा भाव पाडून घेतल्याचं नाटक करायच्या, मुळातला भाव घ्यायच्या आणि अंगठा उठवून द्यायच्या. आणि दर रविवारी अर्ध्या तासाचं 'घरातलं सहज संभाषण' फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचं.

पहिल्या रविवारी अण्णा फोनसमोर बातम्या दिल्यासारखे बोलले. दुसऱ्या रविवारी कवितानं धारवाडच्या पेढ्यावर शाळेतला निबंध म्हटला. दोन्ही वेळा संयोजक वेंकटेश सरांचा शेरा आला: संभाषण कृत्रिम. वेंकटेश सर म्हैसूरकडचे, पुस्तकासारखं कन्नड बोलणारे. त्यांनी खाली लिहिलं होतं की तिसऱ्यांदाही असंच झालं तर विद्यार्थिनीला विद्यानगरच्या वसतिगृहात हलवण्यात येईल. तिथं बाकीचे तिघं राहत होते, ब्रेड-जॅम खात होते आणि दिवसभर इंग्रजीत गप्पा छाटत होते.

तिसरा रविवार. फोन टेबलावर ठेवला, बटण दाबलं. सगळ्यांनी घसे खाकरले.

"आज हवा छलो आहे," अण्णा म्हणाले.

"हो," कविता म्हणाली. "ढग आहेत."

वत्सलाबाई चहा टाकायला आत गेल्या आणि तिथूनच किंचाळल्या. मळमड्डीत नळाला पाणी येतं सहा-सात दिवसांनी, तोवर भरून ठेवलेल्या पिंपांवर भागवायचं. पाणी यायला अजून दोन दिवस होते आणि मोठं पिंप खडखडीत रिकामं!

"कुणी उपसलं हो एवढं पाणी?" बाई बाहेर आल्या त्या शपथपत्र विसरून, थेट मराठीत. "कविते, तू?"

"मी नाही आई, शप्पथ!"

कुणी उपसलं ते तिघांनाही दिसत होतं. स्नेहाचे ओले केस पाठीवर होते, अंगणात तिच्या तीन जीन्स टपटपत होत्या. पण पाहुणीला कोण बोलणार? अण्णा हळूच म्हणाले, "मीच गं. स्कूटर धुतली."

"स्कूटर?" बाईंनी खिडकीतून स्कूटरकडे बघितलं. तिच्यावर महिन्याचा चिखल वाळला होता. "डोळे फुटलेत का माझे? जन्मात कधी धुतलीय स्कूटर?" आणि मग त्या सुटल्याच. आता भात कशात शिजवू, म्हणाल्या, तुम्हाला घराची काळजी कधी होती, म्हणाल्या, लग्नात घागर हरवली होती तेही काढलं. अण्णा मान खाली घालून ऐकत होते.

स्नेहाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण हात पिंपाकडे जात होता आणि तोंड अण्णांकडे होतं, त्याला भाषा कशाला लागते? ती ताडकन उठली. "मी!" ती कन्नडात ओरडली. "पाणी मी ओतलं! अण्णांना का? मला ओरडा!"

वत्सलाबाई भरात होत्या, तशाच वळल्या, आणि कन्नडातच वळल्या. "मग तुला अक्कल नाही? तीन-तीन पँटी धुतेस! आता दोन दिवस काय तुझ्या शाम्पूत भात शिजवू?"

"मला कुणी सांगितलं?" स्नेहाचा आवाज चिरकला. "तुम्ही मला काहीच सांगत नाही! ऊट आत, ऊट आत, एवढंच विचारता! भाजी निवडू देत नाही, पाण्याचं सांगत नाही, मी आले की हसायचं थांबवता! मी काय इन्स्पेक्टर आहे?"

व्याकरणाची सगळी वाट लागली होती. क्रियापदं कुठल्या कुठं पडली होती. पण बाईंना शब्द न् शब्द कळला. मग कविता फस्सकन हसली, अण्णा हसले, आणि बाईंनी कळशी उचलून स्नेहाच्या हातात कोंबली. "बडबड पुरे! शेजारी बोअर आहे, चल पाणी आण. आणि सांडू नकोस!" स्नेहानं आठ खेपा केल्या. आठही खेपांत पाणी सांडलं, आठही वेळा बोलणी खाल्ली, आणि आत-बाहेर करताना कुणाचंही हसणं थांबलं नाही. इतका चांगला रविवार तिनं आयुष्यात पाहिला नव्हता.

फोन सगळं ऐकत होता. तिनं ते जसंच्या तसं पाठवून दिलं.

सोमवारी उत्तर आलं. भाषिक प्रगती उत्कृष्ट, असं वेंकटेश सरांनी लिहिलं होतं; सुरुवातीचं मराठी त्यांना धारवाडची बोलीच वाटली असावी. मात्र यजमान कुटुंबाकडून विद्यार्थिनीवर आवाज चढवला गेल्याचं आढळल्यानं गुरुवारी घरी येऊन निर्णय घेण्यात येईल. पत्राची एक प्रत अण्णांनाही होती. वा! नाटक केलं तर कृत्रिम, खरं बोललं तर छळ.

त्या पत्रानं घराला पुन्हा कुलूप लागलं. मंगळवारी सूप परत काढून घेतलं गेलं. बुधवारी स्नेहाच्या हातून बशी फुटली तर बाई म्हणाल्या, "असू दे हं, काही हरकत नाही." स्नेहा खोलीत जाऊन बसली.

गुरुवारी वेंकटेश सर आले, बाहेर रिक्षा थांबवूनच आले. त्यांनी शुद्ध कन्नडात समजावलं. विद्यार्थिनी राहू शकते, पण कुटुंबानं लेखी द्यावं की यापुढे तिच्यावर कुणीही, कोणत्याही कारणानं रागावणार नाही. नाहीतर तिनं आत्ताच सामान घ्यावं. त्यांनी कागद पुढं सरकवला.

अण्णांनी पेन उघडलं. स्नेहाला वाटलं, सही झाली तरी मी गेले आणि नाही झाली तरी गेलेच. तेवढ्यात वत्सलाबाईंनी पेन ओढून घेतलं.

"सही कशाला करू?" त्यांचा कन्नडाचा धीर संपला होता. "पोर माझ्या घरात राहतेय! चुकली तर ओरडणार, दहा वेळा ओरडणार! कागदावर लिहून देऊन कुणी मुलं सांभाळतं का? एवढी काचेची असेल तर न्या, ठेवा कपाटात!" बोट सरांच्या नाकापर्यंत आलं होतं.

सरांना मराठीचा गंध नव्हता. त्यांनी घाबरून स्नेहाकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, "काय म्हणतायत या?"

स्नेहाला तरी कुठं शब्द कळले होते? पण ते बोट तिला नीट कळलं. "म्हणतायत, फार वाईट वाटलं," ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "पुन्हा असं कधीच होणार नाही. वडिलांची शपथ घेतायत."

सरांचा जीव भांड्यात पडला. 'यजमानांना मनापासून पश्चात्ताप' असं त्यांनी फायलीत टिपलं, बाईंना लवून नमस्कार केला आणि रिकाम्या रिक्षातून परत गेले.

"काय सांगितलंस गं त्याला?" बाईंनी कन्नडात विचारलं. स्नेहानं सांगितलं. अण्णा तोंडावर हात ठेवून आत पळाले. सांगता सांगताच तिचे डोळे भरून वाहायला लागले.

"आता रडायला काय झालं? ओरडलं का कुणी तुला?"

"तीन दिवस झाले," स्नेहा हुंदका देत म्हणाली, "कुणी ओरडलंच नाही."

वत्सलाबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं, जरा जोरातच पुसलं.

"येडी कुठली," त्या मराठीत म्हणाल्या. अर्थ काय, ते स्नेहानं विचारलं नाही.