एकोणिसाची बोली

"एकोणीस!" करुणन म्हणाला आणि हातातल्या चार पानांपैकी एक त्यानं हुकूम म्हणून पालथं ठेवलं.

समोर बसलेला त्याचा भिडू वावच्चन मनात म्हणाला, गड्या, सोळावर थांबला असतास तर काय बिघडलं असतं! पण भिडूला असं सांगता येत नाही. चाळीस वर्षं दोघांनी चंगनाशेरीच्या बाजारात पोती वाहिली आणि तेवढीच वर्षं हमालांच्या शेडमध्ये अठ्ठावीसचा डाव मांडला. पोती सुटली, मान कायमची आखडली, आणि आता वावच्चनच्या डोक्यावर हे नवं ओझं आलं होतं. गेल्या ओणमपासून करुणन विसरायला लागला होता. सून त्याला एकट्याला बाहेर सोडत नसे; डावासाठी वावच्चन न्यायला येतो म्हणून दुपारी दाराचं कुलूप निघायचं. शेडमध्ये कुणाला हे ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर बाकावर टपून बसलेल्यांनी करुणनची जागा घेतली असती आणि ते कुलूप कायमचं लागलं असतं.

उरलेली पानं वाटून झाली. गुलामाचे तीन, नव्वीचे दोन, एक्का-दश्शीचा एकेक. अठ्ठावीसपैकी एकोणीस गुण दोघांना मिळून जमवायचे होते. वावच्चन स्वतःच्या पानांपेक्षा करुणनच्या चेहऱ्याकडेच जास्त बघत होता. हल्ली तो खेळून नाही, या बघण्यानं दमायचा.

पहिला हात करुणननं मारला आणि पुढची उतारी ऐटीत केली. इस्पिकचा गुलाम!

विरुद्ध बाजूच्या शम्सूकडे इस्पिक नव्हतं. "हुकूम उघडा, करुणनदादा."

करुणननं पालथं पान उलटलं. इस्पिकची नव्वी. परक्या कुणी ते तिथं ठेवलं असावं तसा तो त्याकडे बघत राहिला.

"अहो, झाकल्या हुकमाची उतारी बोलीवालाच करतो का कधी? शेंबडं पोरही करत नाही!" शम्सू हसला. मग हसायचा थांबला. "दादा, काय ठेवलंत तेच विसरलात की काय?"

तोम्मन हा शम्सूचा भिडू. त्यानं पानं खाली ठेवली. "परवाही यानं असंच..."

"मी खूण केली," वावच्चन म्हणाला.

"काय केलंस?"

"मिशीवरून बोट फिरवलं. इस्पिक खेळ म्हणून. तोच हुकूम आहे हे मला काय ठाऊक? त्यानं बिचाऱ्यानं ऐकलं."

आजवर हातावरून वाद झाला की 'वावच्चनला विचारा' म्हणायचे. आता सगळे त्याच्या मिशीकडे बघायला लागले.

"चाळीस वर्षांत किती वेळा फिरवलंस रे बोट?" तोम्मननं विचारलं.

ते वावच्चनला फार लागलं.

करुणनला काही आठवेना, पण भिडूच कबूल करतोय म्हटल्यावर तो लालबुंद झाला. "लबाडा! आणि मी गाढव तुझं ऐकतो!" हरणाऱ्यांच्या कानात डूल म्हणून अडकवायची फणसाची पानं पडली होती, त्यातलं एक त्यानं उचललं. "एरवी दोघांनी घातलं असतं. आज तू एकटा घाल."

"घाल बाबा."

"उद्या नीट खेळणार असलास तरच येईन मी. नाहीतर दुसरा भिडू बघ."

"नीट खेळेन. तू ये."

करुणननं देठ दुमडून पान त्याच्या कानात बसवलं आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. वावच्चननं पत्ते गोळा केले आणि पिसायला घेतले.