खासदारांची पूंगोडी

आमच्याकडे तमिळ मुलखात उमेदवाराला मतं मागायची तर हात जोडावे लागतात, आरतीच्या ताटापुढे वाकावं लागतं आणि बाळांची नावं ठेवावी लागतात. यातलं तिसरं काम महाकठीण. उघड्या गाडीवर तुम्ही उभे असता, ढोल चाललेला असतो, आणि गर्दीतून कुणीतरी आपलं तान्हं हातोहात पुढे पाठवतं. बाळ तुमच्या हातात येतं, माईक तोंडाशी येतो आणि सगळा चौक गप्प होतो. आईबापांनी त्यासाठी महिनोन् महिने पोर बिननावाचं ठेवलेलं असतं. तुम्ही जे बोलाल ते त्याला जन्मभर चिकटतं.

आमचे हे, कदिरेसन, तेव्हा हायस्कुलात भूगोल शिकवायचे. पक्षाला हरायलाच कुणीतरी हवं होतं, म्हणून लोकसभेचं तिकीट यांना मिळालं. पहिल्याच दिवशी एका गावात मुलगी हातात आली. मी गाडीवर यांच्या मागेच होते. यांच्या कानशिलावरून घामाच्या धारा लागलेल्या मला दिसत होत्या. जगातल्या सगळ्या नद्या तोंडपाठ असलेल्या माणसाला एक नाव सुचेना. मग एकदम म्हणाले, "पूंगोडी."

पूंगोडी म्हणजे फुलवेल. गर्दी खूश, शिट्ट्या वाजल्या, पोरीची आई रडली. पुढच्या गावात दुसरी मुलगी आली. ती पण पूंगोडी. त्याच्या पुढच्या गावात जुळ्या आल्या, तर थोरली पूंगोडी आणि धाकटी चिन्नपूंगोडी, म्हणजे छोटी पूंगोडी. मुलगा आला की पक्षाध्यक्षांचं नाव ठोकून द्यायचे, ते सोपं होतं.

घरी आल्या आल्या मी विचारलं, "कोण ही पूंगोडी?"

"कोणी नाही गं. तोंडाला आलं."

"आपोआप?"

"आपोआप."

माझं नाव सौंदरवल्ली. ते का नाही आलं आपोआप? माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. हे मूळचे लांबच्या जिल्ह्यातले, नोकरीपायी आमच्या गावात आलेले. तिकडे कॉलेजात कुणीतरी असणार. लांब वेणी, मोगऱ्याचा गजरा, गोड गळा. मी तिला नखशिखांत उभी केली.

ती निवडणूक यांनी अनामत रकमेसकट गमावली. दुसऱ्या खेपेला आमच्या पक्षाची अशी लाट आली, की विजेचा खांब उभा केला असता तरी निवडून आला असता. हे खांबापेक्षा जरा बरे, म्हणून दिल्लीला गेले आणि भांडून भांडून एक रेल्वे फाटक घेऊन आले. तिसऱ्या खेपेला ऐनवेळी युती झाली, जागा मित्रपक्षाला गेली, आणि ज्याला आयुष्यभर शिव्या घातल्या त्याच्यासाठी हे गाडीवरून मतं मागत हिंडले. चौथ्या खेपेला पुन्हा आपटले. पण हरोत, जिंकोत, नाहीतर दुसऱ्यासाठी हिंडोत, हातात मुलगी आली की पूंगोडी. शाळेत एकेका वर्गात पाच-सहा पूंगोड्या बसायला लागल्या.

आणि मी वाढताना म्हणायची, "पूंगोडीच्या हातचं सांबार नाही हे. गोड मानून घ्या."

हे मान खाली घालून भात कालवायचे. त्या खाली घातलेल्या मानेने माझी खात्रीच पटली.

पाचव्या खेपेला अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं, हे शेवटचं तिकीट, पडलात तर घरी बसा. यांची साठी उलटलेली. निवडणुकीखेरीज आता दुसरं काहीच येत नव्हतं, भूगोलसुद्धा विसरले होते. पण मजा अशी झाली, की पहिल्या पूंगोड्या आता लेकुरवाळ्या झाल्या होत्या. "आम्हाला नाव दिलंय अय्यांनी," म्हणत त्या गावोगावहून निघाल्या. कुणी स्कूटरवरून, कुणी ट्रॅक्टरवरून, कुणी सासूला ओढत. गाडीपुढे फेर धरून नाचायच्या. एकीला हाक मारली की चाळीस जणी वळायच्या. विरोधी उमेदवार कोदंडपाणी, भातगिरणीवाला, पूंगोड्या मोजत बसला.

मग त्याने बाजारपेठेत सभा घेतली आणि माईकवर विचारलं, "अरे, ही पूंगोडी होती तरी कोण? मास्तरांची कोण लागत होती? एकदा त्यांच्या बायकोला विचारा." अख्खी सभा खदखदून हसली.

झालं. घराघरांत सासवांना आयतं कोलीत मिळालं. कुणाचं नाव मिरवतेस गं, खासदाराच्या ठेवलेल्या बाईचं? दुसऱ्या दिवशी गाडीपुढे एक पूंगोडी नाही. आरतीची ताटंही आली नाहीत. आमचा तालुका सेक्रेटरी यांना तलैवर, म्हणजे पुढारी, म्हणायचा. तो म्हणाला, "आईचं नाव होतं म्हणून सांगा की, तलैवरे." पण आईचं नाव करुप्पायी. ते यांनीच बांधलेल्या बसथांब्यावर हातभर अक्षरांत लिहिलेलं.

प्रचार संपायच्या आदल्या दिवशी गाडी देवळाच्या रथवाटेवर आली, तर समोर सगळ्या पूंगोड्या रस्ता अडवून उभ्या. पहिली पूंगोडी पुढे आली. कडेवर पोर होतं.

"अय्या, कोण होती ती? मला सासूला उत्तर द्यायचंय. खरं सांगा, आम्ही निघून जातो."

यांनी माईक तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. घाम तसाच, वीस वर्षांपूर्वीचा. मला वाटलं, बरी खोड मोडली. मग वाटलं, हा माणूस आता घरी बसणार आणि कशाच्याच कामाचा राहणार नाही. मला त्या वेणीवालीचा राग आला, कोदंडपाणीचा आला, पण यांचा काही केल्या येईना. मी माईक हिसकावून घेतला.

"कोण होती काय विचारता? होती नाही, आहे. ही काय उभी. घरात मला पूंगोडीच म्हणतात हे. लाजतात, म्हणून सांगत नव्हते. नवऱ्याने बायकोचं लाडाचं नाव चारचौघांत घेतलं तर तुमच्या सासवांचं काय बिघडलं?"

मग जो दंगा उठला तो थेट गोपुरापर्यंत गेला. पूंगोड्यांनी मला गाडीवरून खाली ओढलं, डोक्यात फुलं खोवली, दृष्ट काढली. सासवा पदराआड हसत होत्या. एक म्हणाली, "मास्तर दिसतात गरीब, पण रंगेल हो."

गाडीत बसल्यावर मी दातओठ खाऊन म्हटलं, "तुमच्या त्या बयेचं नाव मी माझ्या अंगावर घेतलंय. आता बोला."

"निकाल लागू दे," हे म्हणाले. "आत्ता सांगितलं तर तुला माईकवर उभं राहता येणार नाही."

मतमोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत हे पडले, चढले, पुन्हा पडले आणि शेवटी निवडून आले. अंगण माणसांनी भरलं. पायरीपासून फाटकापर्यंत फटाके. भिंतीवर माझा फोटो, खाली 'पूंगोडी अम्मा'. मी यांना स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावून घेतलं.

"बोला."

यांनी आधी गोड पोंगलचा घास गिळला. "म्हैस."

"काय?"

"आईची म्हैस. तिच्या दुधावर माझी कॉलेजची फी निघाली. संध्याकाळी कालव्यावर जाऊन हाक मारायचो, कुठेही असली तरी धावत यायची. पहिल्या दिवशी गाडीवर दुसरं काही सुचेना गं. घाबरलो की मला तेवढीच एक हाक मारता येते."

बाहेर माझ्या नावाचा जयजयकार चालला होता. इतकी वर्षं मी त्या बयेची वेणी घातली, गजरा माळला, तिला गोड गळा दिला. मला असं हसू फुटलं की चुलीजवळच बसकण मारली. हे घाबरून माझ्या तोंडावर हात ठेवायला लागले. बाहेरच्या दोन-तीनशे बायकांना कळलं असतं तर दिल्ली दूरच, गावातून बाहेर पडणं मुश्कील होतं.

हसता हसता मला मध्येच रडू आलं. म्हटलं, "घाबरल्यावर माझं नाव नाही ना आलं कधी तोंडाला."

हे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. "तुला हाक मारायची वेळ कधी आली?" म्हणाले. "तू आधीच शेजारी येऊन उभी असतेस."

बाहेरून पुन्हा हाका आल्या, "पूंगोडी अम्मा, पूंगोडी अम्मा."

मी ओ दिली आणि दार उघडलं.