काटो गेलो, शीत राहिलं

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. माझ्यात कधी सरबत भरलं नाही, तेल भरलं नाही, कुणी फुलंही खोचली नाहीत. माणसाच्या छातीत साठलेलं वाईट पाणी झेलायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म भट्टीत झाला. आधी मी तांबडालाल रस होते, मग एका फुंकरीनं फुगले आणि थंड होता होता बाटली झाले. अंगावर मापाच्या रेघा आल्या, तोंडाला रबरी बूच आलं आणि मी गोव्यातल्या एका मोठ्या इस्पितळात येऊन पडले. तिथं माझ्या तळाशी स्वच्छ पाणी भरत. बुचातून एक लांब नळी त्या पाण्यात बुडवत. तिचं दुसरं टोक रुग्णाच्या बरगड्यांमधून आत, थेट छातीत. माणसानं श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढे, सोडला की खाली उतरे. माझी जागा मात्र नेहमी खाली, खाटेच्या पायाशी. मला कुणी छातीपेक्षा वर उचललं, तर माझ्यातली घाण उलट रुग्णाच्याच उरात जाईल.

मी पुष्कळांचे श्वास सांभाळले. हरमलच्या वाटेवर स्कूटरवरून पडलेली पोरं, डिचोलीकडचे खनिजाचे ट्रक हाकणारे टिपरवाले. संजना सिस्टर मला धुताना म्हणायची, "गो बाये, कितक्या जणांचो श्वास खेळलो तुझ्यात!" तेवढंच माझं कौतुक. पण एकदा योगेश नावाचा तरुण आला. सिंधुदुर्गातून खाणीवर कामाला आलेला. त्याचं पाणी एका दुपारी वर चढलं, खाली आलं आणि तिथंच थांबलं. व्हरांड्यात कुणीतरी हळूच म्हणालं, "गेलो." म्हणजे गेला. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. एवढासा शब्द, पण त्यानं अख्खा व्हरांडा रिकामा केला.

पुढं प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. हलक्या, फुटत नाहीत, वापरा आणि टाका. मी कपाटात गेले. माझ्यावर धूळ बसली आणि मला वाटलं, संपलं आपलं.

मग या वर्षीच्या उन्हाळ्यात प्लास्टिकच्या बाटल्यांचा साठा संपला. संजना सिस्टरनं कपाट उघडलं, मला काढून उकळत्या पाण्यात शुद्ध केलं आणि सुदेशच्या खाटेखाली ठेवलं.

सुदेश शिरगावचा. लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत पाळून जत्रेत पेटत्या निखाऱ्यांवरून चालणारा भक्त. धिप्पाड गडी, पण त्या दिवशी राखेच्या रंगाचा झाला होता. ताप होता, धाप होती, छातीत आणि पाठीत कळा होत्या. डॉक्टर प्राजक्तांनी त्याच्या फुगलेल्या मानेवर बोटं दाबली, तर कातडीखाली कुरमुरे चुरडावेत तसा आवाज आला. त्यांचा चेहरा उतरला. हवा जिथं असायला नको तिथं शिरली होती.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

एवढ्या दुखण्यातही तो हसायला बघत होता. "निखाऱ्यावरसून चाललंय डॉक्टर, पायाक साधो फोड नाय. आणि तांबोशे माशान मारल्यान माका."

"काय खाल्लं होतं याने, मावशी?"

त्याची आई सुलोचना पदर पिळत उभी होती. "हुमण-भात, बाय. व्रत सुटला, म्हणून तांबोशेच्या डोक्याचा हुमण केलेला, नारळाच्या रसातला. गावच्या डॉक्टराक पण तसाच सांगितलंय. तो म्हणालो, गॅस झालो. इंजेक्शन दिल्यान. दुसऱ्या दिवशी परत गेलव, परत इंजेक्शन."

छातीचा फोटो काढला. डावी बाजू पांढरी धुक्यासारखी भरलेली. बरगड्यांमधून नळी घातली आणि जे आलं ते माझ्यात आलं. मित्रांनो, रक्त मी पाहिलं होतं, पूही पाहिला होता. पण हे गढूळ, कुजक्या वासाचं पाणी वेगळंच होतं. त्यातून काहीतरी तरंगत आलं आणि माझ्या काचेला चिकटलं.

डॉक्टर खाली बसल्या. टॉर्चचा झोत माझ्यावर धरला. तांबूस पट्टा असलेलं, जाडसर, एक शीत.

"मावशी," त्या म्हणाल्या, "हा भात छातीत कसा आला?"

सुलोचनाबाई वाकल्या. आपल्या घरचा उकडा तांदूळ त्या कुठंही ओळखतील. "आमचोच," त्या म्हणाल्या आणि मग एकदम पदर तोंडाशी नेला. डॉक्टरांनी पुन्हा विचारल्यावर कुठं बोलल्या.

"काटो अडकलेलो ह्येच्या गळ्यात. मी सुक्या भाताचो गोळो वळलंय. म्हटलंय, पुता, चावू नको, तसोच गिळ. आमच्याकडे सगळेच तसा करतत. एकान गेलो नाय म्हणून दुसरो दिलंय. मगे तो म्हणालो, आये, गेलो काटो."

"हे गावच्या डॉक्टरांना सांगितलंत?"

"काटो गेलोच तर काय सांगतलंय, बाय?"

काटा गेला होता खरा. पोटात नव्हता गेला. गोळ्यांनी रेटला तसा तो अन्ननलिकेत आडवा रुतला आणि नळी फाडून आरपार गेला. त्याच्या मागून भात, लाळ, पाणी, सगळं छातीत झिरपत राहिलं आणि कुजत राहिलं.

खात्री करायची म्हणून डॉक्टरांनी एका पेल्यात निळं औषध कालवलं. सुदेशनं कसाबसा एक घोट घेतला. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, नको, माझ्यात नको यायला. पण नळीतून एक निळा धागा उतरला, माझ्या पाण्यात विरघळला आणि मी सगळी निळी झाले.

"उशीर झालाय," डॉक्टर आईला म्हणाल्या. "आजच छाती उघडावी लागेल. मी प्रयत्न करीन. वचन देणार नाही."

शस्त्रक्रियेच्या टेबलाखाली मी होते. वरचं दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. बरगड्या फाकवल्याचा आवाज. पाण्यानं छाती धुतल्याचा, पुन्हा धुतल्याचा. मग लोखंडी वाटीत काहीतरी टणकन पडलं. सुदेशचा काटा. डॉक्टरांच्या बोलण्यावरून कळलं, फाटलेल्या कडा कुजून ढिल्या झाल्या होत्या, टाका धरत नव्हता. डॉक्टरांनी कुजकं कापून काढलं, उरलेलं जपून शिवलं आणि त्यावर बरगड्यांमधल्या स्नायूची एक पट्टी ठिगळासारखी बसवली. पोटातून आतड्यात एक बारीक नळी घातली, तिच्यातून अन्न द्यायला. तोंडानं मात्र काही नाही. थुंकीसुद्धा गिळायची नाही.

पुढचे दिवस वाईट होते. ताप उतरेना. एकदा छाती पुन्हा उघडून धुवावी लागली. सुदेशचे गाल बसले, आवाज घोगरा झाला. समोरच्या खाटेवरचा माणूस एका सकाळी चादर ओढून नेला, आणि पुन्हा तोच शब्द व्हरांड्यातून गेला. सुलोचनाबाईंनी दोन्ही कान झाकले.

संजना सिस्टरनं त्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "मावशे, ह्या पाणी हलता ना, तो ह्येचो श्वास." तेव्हापासून त्या जमिनीवर माझ्यासमोर बसून असत. देवासमोर बसावं तशा. आणि पुटपुटत:

पाणी हाले हाले । काचेच्या घरात
पुताच्या उरात । वारा खेळे ॥

एकदा त्यांनी डॉक्टरांना वाटेत अडवलं. "बाय, खरा सांग. काट्यान केल्यान, की माझ्या हातान?"

डॉक्टर प्राजक्ता खोटं बोलल्या नाहीत. "काटा अडकला होता, तेव्हाच त्याला आणलं असतंत तर दुर्बिणीनं काढला असता. गोळ्यानं तो आरपार गेला. पण तुम्ही जाणूनबुजून नाही केलं, मावशी."

त्या दिवसापासून ओवी बंद झाली. त्या सुदेशला हातही लावत नव्हत्या. तोंड पुसायचं तरी सिस्टरला हाक मारत.

हळूहळू माझ्यातलं पाणी निवळत गेलं. मग एक दिवस डॉक्टर पुन्हा तोच पेला घेऊन आल्या. तेच निळं औषध. माझ्यात उतरलं, तर शिवण फाटली. नाही उतरलं, तर अन्न सुरू. तिसऱ्यांदा छाती उघडायला सुदेशमध्ये त्राण उरलं नव्हतं, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

सिस्टरनं पेला पुढं केला. सुदेशनं मान फिरवली.

"आयेच्या हातसून," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"माका सांगू नको रे!" सुलोचनाबाई भिंतीला टेकल्या. "ह्या हातांनी..."

"मगे मी पियत नाय. निखाऱ्यांका भिलंय नाय, तुझ्या हाताक भियान?"

त्यांनी पेला घेतला. निळे थेंब चादरीवर सांडले. सुदेशनं आईचं मनगट धरलं आणि घोट घेतला.

घशाची गाठ वर गेली, खाली आली. सगळे माझ्याकडे वाकले. नळीतलं पाणी चढलं, उतरलं. चढलं, उतरलं. मी आयुष्यात एवढी वाट कधीच पाहिली नव्हती. डॉक्टरांनी बराच वेळ टॉर्च धरून ठेवला.

पाणी स्वच्छच राहिलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुलोचनाबाई पेला छातीशी धरून खाली बसल्या आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. दुसऱ्या दिवशी पेजेच्या निवळीचा पहिला चमचा त्यांनीच भरवला.

आता मी परत कपाटात आहे. घासून धुतलं, तरी माझ्या रबरी बुचावर एक निळा डाग राहिला आहे. कपाटात अंधार आहे आणि योगेश मला अजून आठवतो. सगळेच सुदेशसारखे माघारी येत नाहीत, मित्रांनो. म्हणून या जुन्या बाटलीचं एवढं ऐका. जेवताना काटा अडकला, तर भाताचा गोळा गिळू नका, कुणाला गिळायला देऊ नका. इस्पितळात जा. आणि तिथं काटा होता म्हणून सांगा, तो दिसेनासा झाला असला, तरी सांगा. गेला, असं इतक्या लवकर म्हणू नका. तो शब्द मी फार वेळा ऐकला आहे.