उलटी दांडी

आमच्या कपाटावर एक पत्र्याचा डबा एकतीस वर्षं पडून होता. चारी बाजूंनी चिकटपट्टी, आणि पट्टीवर माझ्या बायकोची सही. आत दागिने असते तर मी कधीच हात मारला असता. पण आत होती गेमच्या मशीनची जॉयस्टिक: काळी दांडी, वर लाल गोळा, खाली लोंबणाऱ्या तारा. तिच्यात माझं एक पाप होतं, म्हणून मी त्या कपाटाकडे पाठ करूनच झोपायचो.

पाप सांगतो, पण तुमच्या-माझ्यातच ठेवा.

मी आणि माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, भागीदारीत गेमचं दुकान चालवायचो. मशीनं दुरुस्त करायचो मी, गिऱ्हाईक सांभाळायचा तो. विमानाच्या खेळात आमच्या तोडीचं दुसरं कुणी नव्हतं. माझा वेग असा की वळणावर पडद्यातल्या विमानाला ठसका लागायचा. एकदा तर शत्रूची विमानं मला ओळखून आल्या वाटेनं परत गेली. नाही पटत? नका पटवून घेऊ, माझं काही अडलेलं नाही.

दुकान बंद करायचं ठरलं तेव्हा म्हटलं, शेवटच्या दिवशी एक डाव होऊन जाऊ दे, वरचढ कोण ते एकदाचं कळेल. आणि मी माती खाल्ली. मागच्या खोलीतल्या मशीनवर आठवडाभर उलट्या दांडीचा सराव केला: डावीकडे ढकललं की विमान उजवीकडे. डावाच्या दिवशी मेव्हणा जेवायला गेला तेव्हा खऱ्या मशीनच्या दांडीतही डाव्या-उजव्या तारा उलट्या डाखून ठेवल्या.

आधी तो खेळला. विमान झिंगल्यासारखं भिंतींवर आपटत सुटलं. मग मी खेळलो आणि जिंकलो.

"दाजी, दांडीत गडबड आहे! उघडा ती!" तो ओरडला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणालो.

बायकोनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. कात्री आणली, दांडी तारांसकट कापून काढली आणि डब्यात घातली. मेव्हण्यानं त्या दिवसापासून आमचा उंबरा ओलांडला नाही. बायकोच त्याच्याकडे जायची, चार जिने चढून.

यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन घरात फिरा, जिने मात्र आता विसरा. म्हणजे भाऊ आला तर भेट, नाहीतर फोन आहेच. तिनं आठवडाभर तोंडातून शब्द काढला नाही. माझ्या घरात शांतता म्हणजे काय संकट असतं ते मलाच ठाऊक. शेवटी तिनं भावाला फोन लावला, आणि त्यानं अट घातली. तीच दांडी, तोच खेळ. दांडी सरळ निघाली तर तो माझी माफी मागून चहाला थांबेल. उलटी निघाली तर मी कान धरायचे, आणि तो तसाच परत जाणार.

"पण मशीन भंगारात जाऊन जमाना झाला!" मी आनंदानं म्हणालो.

"त्यात काय, बाबा," सून म्हणाली. ती लिफ्ट दुरुस्त करते. तारा दिसल्या की तिला भूक लागत नाही. "जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम असतो, एम्युलेटर म्हणतात. तोच खेळ कॉम्प्युटरवर चालतो. दांडी मी जोडते."

हिला कुणी विचारलं होतं? मला तिथेच संकटाचा वास आला.

मेव्हणा यायच्या दिवशी सकाळी बायकोनं स्वतःच्या हातानं पट्टी फाडली. सुनेनं बोटभर लांबीचं एक सर्किट आणलं होतं. त्याला एका बाजूनं तारा जोडायच्या, दुसरी बाजू कॉम्प्युटरला. तारांच्या टोकांना माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, डावं, उजवं, वर, खाली. तिनं चिठ्ठीबरहुकूम तारा जोडल्या. खेळ सुरू झाला आणि कुणी हात लावायच्या आत विमान वर जाऊन छताला चिकटलं.

"दांडी बिघडली," मी म्हणालो. "संपलं. मेव्हण्याला कळवा, येऊ नको म्हणावं."

"वरचा स्विच अडकलाय, बाबा. एकतीस वर्षांचा मळ आहे." तिनं तो खरवडून काढला. विमान शहाण्यासारखं खाली आलं. "झालं! आता मामा येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, आईंची ताकीद आहे." तेवढ्यात तिला फोन आला, कुठेतरी लिफ्टमध्ये माणसं अडकली होती, आणि ती निघून गेली.

दुपारी मी खोलीत शिरलो. खेळ पडद्यावर चालूच होता. दांडी डावीकडे ढकलली, विमान उजवीकडे गेलं. पाप जागच्या जागी होतं. सुनेची तारा डाखायची सोल्डरिंग गन टेबलावरच होती. उचलली तर टोक गरम! देव पापी माणसालाही कधीकधी मदत करतो, असं मी मनात म्हटलं. दोन तारा सोडवल्या, सरळ डाखल्या, तपासलं. डावीकडे म्हणजे डावीकडे. कॉम्प्युटर बंद करून बाहेर आलो तेव्हा बायको पलंगावर डोळे मिटून पडली होती. काठी मात्र नेहमीच्या कोपऱ्यात नव्हती, उशाशी होती. तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की म्हातारीनं जागा बदलली.

चार वाजता मेव्हणा आला. केस गेलेले, पण डोळे तसेच, चोराच्या वाटा पाहणारे. उंबऱ्यावर क्षणभर थांबला. बहिणीनं हात पुढे केला तो त्यानं दोन्ही हातांत धरला, आणि मला म्हणाला, "दाजी, चष्मा लागला वाटतं. तेव्हाच लावला असता तर तारा नीट दिसल्या असत्या."

"तुझ्या जिभेला अजून गंज चढला नाही," मी म्हणालो.

"हात धुवून येतो."

मोरी कॉम्प्युटरच्या खोलीपलीकडे. मी घड्याळाकडे पाहत बसलो. दोन मिनिटं झाली, चार झाली. पाण्याचा आवाज नाही. एवढ्या वेळात मी हत्ती धुतला असता. हा आत काय करतोय? माझ्या तारा पुन्हा उलट्या तर करत नाहीये? मी उठलो, तर बायको म्हणाली, "बसा हो. पाहुण्याच्या मागे मोरीपर्यंत जायची पद्धत कुठली?"

तो आला तेव्हा हात कोरडे होते. एवढं मी टिपून ठेवलं.

सूनही परतली. सगळे पडद्यासमोर जमलो. बायको खुर्चीत, काठी मांडीवर. मेव्हणा म्हणाला, "ढकला दाजी, डावीकडे." त्याच्या आवाजात जोर नव्हता, उलट घाई होती. हे मला मुळीच आवडलं नाही.

मी बिनधास्त ढकलली. विमान उजवीकडे गेलं.

मी मेव्हण्याकडे पाहिलं. आनंदानं उडी मारायची सोडून हा माणूस माझ्याहून पांढरा पडला होता.

"असं कसं?" तो पुटपुटला. "मी तर आत्ताच सरळ केली!"

"तू कशी सरळ करशील?" मी उसळलो. "मी दुपारीच केली होती!"

बोललो आणि जीभ चावली. पण वेळ गेली होती. त्याचीही आणि माझीही.

सुनेनं तोंडाला पदर नाही म्हणून हाताचा पंजा लावला. मग दांडी उलटी करून पाहिली. "बाबांचा डाख ताजा आहे. आणि मामांनी प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये डावं-उजवं बदललंय. दोघांनी मिळून उलटी ती पुन्हा उलटीच करून ठेवलीत."

"ढकलून बघता आलं नसतं का रे, गाढवा?" मी मेव्हण्याला म्हणालो.

"आवाज झाला असता. आणि बघायची गरज काय? उलटीच असणार याची मला एकतीस वर्षं खात्री होती."

"मग सरळ कशाला केलीस? उलटी निघाली असती तर मीच कान धरणार होतो!"

तो बहिणीच्या गुडघ्याकडे पाहत राहिला. "आणि मग मला परत जावं लागलं असतं ना, दाजी. अट माझीच होती."

मी कान धरले. दोन्ही. एकतीस वर्षांचा हिशोब म्हणून जरा जास्त वेळ धरले.

"आता जातोस का मग?" बायकोनं विचारलं.

"अट दांडीची होती, ताई. दांडीची तर दोघांनी मिळून वाट लावली. चहा टाका."

चहा होईस्तोवर तो सहज म्हणून खेळायला बसला. दांडी तशीच उलटी. आणि काय सांगू, विमान लोण्यातून सुरी जावी तसं चाललं! माझा एकतीस वर्षांपूर्वीचा आकडा त्यानं चहा उकळायच्या आत ओलांडला.

"उलट्या दांडीवर एवढा हात कसा बसला रे?" मी डोळे बारीक केले.

"माझ्याकडेही हाच प्रोग्रॅम आहे. तीन वर्षं झाली. सेटिंग मुद्दाम उलटं ठेवून रोज तासभर खेळतो. म्हटलं, दाजींना त्यांच्याच पापात हरवायचं."

म्हणून या पठ्ठ्याला सेटिंग बदलायला चार मिनिटं पुरली! "तरी पासवर्डशिवाय कॉम्प्युटर उघडला कसा?"

"उघडाच होता. सेटिंगचं पानच समोर होतं."

"मी तर बंद करून गेले होते," सून म्हणाली. "आणि बाबा, माझी गन? तिची पिन काढून, गुंडाळून ठेवली होती मी. तुम्ही तापवलीत?"

मी नव्हती तापवली. मला ती गरम मिळाली होती.

आम्ही तिघं हळूहळू खुर्चीकडे वळलो. बायको काठीच्या मुठीवरची धूळ पदरानं पुसत होती.

"माझ्याकडे काय बघता? मला त्यातलं काही कळतं का?" ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळा. सरळ दांडीवर. आणि तारा मी तपासणार."