करंजीची मुरड

आधीच सांगून ठेवते, मले कोणी समजवाले येऊ नका. चूक माही होती अन लाजही माहीच आहे.

माही पोरगी रक्षा लाखनीच्या योगेंद्रले पसंत पडली होती. चांगलं घर, स्वतःची राइस मिल, पोरगा शिकलेला. फक्त त्यायचा होकार तोंडातून निघायचा बाकी होता. पोराची माय कौशल्याबाई फोनवर म्हणे, "एकदा बाहेर भेटू या हो. घरी पोट्टे बोलत नाहीत, नुसते मान खाली घालून पोहे खातात." जागाही तिनंच ठरवली, कारध्याच्या पुलाजवळचं इटालियन हॉटेल. सुट्टीच्या दिवशी लोक वैनगंगा पाहाले येतात, बोटीत बसतात, फोटो काढतात अन भूक लागली की तिथं घुसतात. आम्ही कधी गेलो नव्हतो. आमचे हे, धर्मेंद्र, टाइल्सच्या दुकानाले कुलूप लावून इस्त्रीचा शर्ट घालून आले.

एक गोष्ट मी त्या लोकायले सांगितली नव्हती. माहेरी कोण कोण आहे म्हणून विचारलं, तवा मी म्हटलं, "कोंढ्याले एक भाऊ आहे, शेती करते. बस." मले एक मोठी बहीणही आहे, आनंदाबाई. नवरा गेल्यापासून ती कोण्यातरी हॉटेलात पोळ्या लाटते, एवढं मले ठाऊक होतं. कोणत्या हॉटेलात, ते मी कधी विचारलं नाही. मिलवाल्या घराले कसं सांगा, का पोरीची मावशी दुसऱ्याच्या चुलीपाशी उभी राहते म्हणून? तवा मले हे अगदी बरोबर वाटत होतं.

तं बसलो आम्ही. मेनूकार्ड पाहून साऱ्यायची बोबडी वळली. योगेंद्र रक्षाले एकेक नाव समजावून सांगत होता, दोघंही खुदुखुदु हसत होते. मले बरं वाटून राहिलं होतं. कौशल्याबाईनं एका फोटोवर बोट ठेवलं. "अवो, ही तं करंजी होय! केवढी मोठी! हेच आण रे."

"कॅल्झोने म्हणतात, मॅडम," वेटर म्हणे.

"तू काहीही म्हण बाप्पा, मले करंजी आण."

सारे हसले, मीही हसली. मंग ती प्लेट समोर आली अन माहं हसणं जागच्या जागी राहिलं.

काठाची मुरड पाहिली मी. दोन बारीक चुण्या, एक जाड, दोन बारीक, एक जाड, अन टोकाले मागं वळवून दाबलेली. ही मुरड माह्या मायची. दिवाळीत माय आम्हा दोघींले पाटावर बसवे. चुणी चुकली की बोटावर बेलण्याचा फटका. आनंदाबाईचा हात मायसारखाच बसला होता. माह्या करंज्या मात्र कढईत फुटत. मंग ती काय करे, माही फुटकी करंजी गुपचूप आपल्या ताटात टाके अन आपली चांगली माह्या ताटात, मायनं मले मारू नये म्हणून.

"मुरड पाहा, मुरड!" कौशल्याबाई म्हणे. "माही सासू गेली तवापासून असा हात मी नाही पाहिला. कोण बाई आहे आतमधी? बोलवा तिले."

"राहू द्या ना ताई, कामात असन बिचारी," मी म्हटलं. पण वेटर गेलाही होता.

आली ती. टोपीत केस कोंबलेले, अंगात एप्रन, कोपरापर्यंत मैदा. मले पाहून तिचा चेहरा उजळला. खरं सांगते, एकदम उजळला. अर्धं पाऊल पुढं टाकलं तिनं. अन मी, मी पाण्याचा ग्लास उचलला अन त्याच्यात पाहाले लागली. रक्षा उठाले गेली, "माव..." टेबलाखालून मी तिच्या पायावर पाय दिला. जोरात दिला. पोरगी बसली खाली.

"कोणत्या गावच्या हो तुम्ही?" कौशल्याबाईनं विचारलं.

"कोंढ्याची."

"माय वो! आमच्या या रिताताईचं माहेर कोंढ्याचंच! ओळखता का एकमेकीले?"

आनंदाबाई माह्याकडं पाहत होती. माह्या तोंडून निघालं, "गाव मोठं आहे ना ताई. साऱ्यायले कोठून ओळखीन मी?"

मोठं गाव! कोणाची म्हैस व्याली तं अख्ख्या कोंढ्याले ठाऊक होते. आमच्या ह्यायनं मेनूकार्ड तोंडासमोर धरलं ते धरलंच.

आनंदाबाईनं माह्यावरची नजर काढली. मंग म्हणे, "मोठ्या घरच्या त्या. आमाले कायले ओळखतीन?" आवाजात राग नव्हता. राग असता तं मले सोसलं असतं. लहानपणी फुटकी करंजी घे तसं माहं खोटंही तिनं आपल्या ताटात घेतलं.

कौशल्याबाई मात्र खुशीत होती. "रिताताई, आता आमचा होकारच समजा. पण रुखवताच्या करंज्या या बाईच्याच हातच्या पाहिजेत हं. आताच सांगून ठेवा."

होकार! ज्याच्यासाठी मी महिनाभर सोमवार धरले, तो होकार आला अन मी ग्लासातच पाहत राहिली.

"करीन ना," आनंदाबाई म्हणे. "पोरीचं काम आहे, पैसे नको." तिनं रक्षाकडं पाहिलं. रक्षाच्या डोळ्यांत पाणी होतं. कौशल्याबाईले वाटलं, पोरगी खुशीनं रडून राहिली. रक्षा जन्मली तवा सव्वा महिना याच हातानं तिले न्हाऊ घातलं होतं.

मंग आनंदाबाई माह्याकडं वळली. "तुमचं घर कोठी आहे बाई? पत्ता सांगा. दोन दिवस आधी येईन मी कराले."

'तुमचं' म्हणे. जिनं माह्या उवा काढल्या, ती मले 'तुमचं' म्हणे. मले वाटलं, नाटक निभावून राहिली. मले सांभाळून घेऊन राहिली, नेहमीसारखी. मी मान वर केली. तिनं एप्रनले हात पुसून वेटरचा पेन घेतला होता, ऑर्डरच्या कागदावर टेकवला होता, अन वाट पाहत होती. खरोखरची वाट पाहत होती.

तवा माह्या डोक्यात उजेड पडला. नवीन घर बांधून तीन वर्षं झाले. वास्तूले दोनशे पान उठलं. तिले मी बोलावलंच नव्हतं. माहं घर कोठी आहे, हे माह्या बहिणीले ठाऊकच नव्हतं.

"खांब तलावाजवळ," मी म्हटलं. "शाळेच्या मागची गल्ली. हिरवं गेट."

तिनं लिहून घेतलं. चौथी शिकलेली ती, सावकाश लिहिलं. मंग मले वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून.

मी म्हटलं, "हो बाई, बरोबर आहे."