डाव्या बाजूची थाप

चाक

दुकानदाराने बटण दाबलं आणि चाक आपोआप फिरलं. पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, मग मधोमध येऊन गप्प.

शेखर खुर्चीतून ताडकन उठला.

"भेऊ नका भाऊ," प्रीतम हसला. अकोल्यातलं हे त्याचं दुकान. गेमची चाकं, पेडलं, गिअरच्या दांड्या, सगळं बसून, चालवून पाहून घ्यायचं. "करंट भेटला का चाक आपली हद्द मोजून घेते."

"कोनी हात नाई लावला तरी?" शेखरने विचारलं.

"कोनी नाई."

साधनाने नवऱ्याचा दंड धरून त्याला पुन्हा बसवलं. वलगावहून ती त्याला बसने इथवर घेऊन आली होती, ते काही खेळासाठी नव्हे. दारात दुरुस्त होऊन आलेली मेटॅडोर उभी होती, वावरात झेंडू कळीला आला होता, आणि दसऱ्याला तो अकोल्याच्या बाजारात पोचवणारा माणूस स्टिअरिंगला हात लावत नव्हता. डॉक्टर म्हणाले, घरातूनच सुरू करा, खोट्या गाडीने. साधनाच्या भावाने आपलं जुनं प्लेस्टेशन देऊन टाकलं. चाकच तेवढं राहिलं होतं.

त्याआधी

डावीकडे गोवर्धन बसायचा. शेजारचा, शाळेपासूनचा. मेटॅडोरला डावा आरसा होता, पण शेखरने त्यात कधी पाहिलं नाही; डावी बाजू गोवर्धनची. खिडकीतून हात काढून तो दाराच्या पत्र्यावर थाप मारायचा. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे येऊ दे.

मागच्या हिवाळ्यात, मूर्तिजापूरच्या अलीकडे. धुकं. दिवा नसलेली ट्रॉली.

एक थाप. शेखरने ब्रेक दाबला. डावी बाजू गेली, गोवर्धनसकट.

एकीनंतर नेहमी दोन यायच्या. त्या आल्या नाहीत.

पुन्हा दुकान, कारण निवडायचं तर होतंच

"त्या रांगेतलं पाहू नका, ते दुसऱ्या कंपनीच्या गेमच्या डब्याचं हाये, तुमच्या प्लेस्टेशनले चालत नाई. हे पाहा. हे आत दातेरी चाकं असलेलं, जरासं खडखडते. हे पट्ट्याचं, मऊ. अन् हे थेट मोटरवर बसवलेलं, रस्त्यातला खड्डा मनगटात कळते."

"खड्डे तं आमाले घरबसल्या भेटतात," साधना म्हणाली. "मऊवालंच द्या."

"अन् पेडलं दोनवाली. खेळात क्लच कोन दाबते?"

"क्लच पायजे." शेखर सकाळपासून पहिल्यांदाच आपणहून काही मागत होता. "अन् हातानं टाकाचा गिअर."

"वा! मंग हा सेट. पन याचा ब्रेक दमानं नाई चालत भाऊ. लाथच घालावी लागते."

मग प्रीतमने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. शर्यतीत एक माणूस कानात बोलतो म्हणे: डावीकडे गाडी आहे, डावीकडे मोकळं आहे.

शेखरने ते क्षणभर ऐकलं आणि तापल्या पातेल्यासारखे हेडफोन खाली ठेवले.

"हे नको."

"कावून? लय मदत होते."

"डावीकडचं सांगाले मानूस हाये मले."

साधना उगाचच पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली.

घरी

टेबलाच्या कडेला चाक आवळलं. खाली गुळगुळीत फरशीवर पेडलं. त्यांच्या पुढ्यात, भिंतीला, ज्वारीची पत्र्याची कोठी.

खेळातली गाडी शेखरने उजव्या स्टिअरिंगची निवडली. चाकावर एक बटण होतं. ते दाबलं की डावीकडची सीट दिसायची. रिकामी. गाडी हलवण्याआधी तो ते एकदा दाबायचाच.

पहिलं वळण. धप्प. पत्रा वाजला. शेखर थांबला. बाकीच्या गाड्या निघून गेल्या आणि तो भर रस्त्यात उभा राहून दोन थापांची वाट पाहत बसला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. एकही शर्यत पुरी नाही.

साधनाने ओणवं होऊन पाहिलं. "अजी, हे पेडल सरकून राहिलं. कोठीले लागते. तुमी ब्रेक दाबता म्हनून थाप येते."

"थाप येते म्हनून मी ब्रेक दाबतो."

"आधी काय होते ते तं पाहा!"

त्याने पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्याला सांगता येईना.

तिने कोठी हलवली. पेडल आणि भिंतीच्या मधात फळी ठोकली. त्या दुपारी पत्रा वाजला नाही. शेखर वळणामागून वळण घेत गेला आणि शर्यत संपली. शेवटचा आला, पण आला. साधनाने त्याच्या तोंडात साखर घातली.

"काय झालं? गोड नाई लागली?"

"कोनीच काई बोललं नाई वं," तो म्हणाला. हात चाकावरच होते.

फळी मात्र त्याने काढली नाही. रोज बसला. रोज शेवटपर्यंत गेला.

खरी गाडी

दसऱ्याच्या आदल्या सकाळी झेंडूची पोती चढली. शेखर स्टिअरिंगवर बसला, इंजिन सुरू केलं आणि बसूनच राहिला. साधना डावीकडे चढली, फुलांची टोपली मांडीवर घेतली. तरी गाडी हलेना. तेव्हा तिने खिडकीतून हात काढला आणि पत्र्यावर दोन थापा दिल्या.

गाडी निघाली.

बडनेरा गेलं, लोणी गेलं. लख्ख ऊन. साधना हार ओवत होती. एका हातात सुई, दुसऱ्यात फूल. मूर्तिजापूर जवळ आलं तशी तिची सुई भरभर चालू लागली.

थाप.

एक.

शेखरने खाली पाहिलं. आधी काय होते ते पाहा, असं तिनेच सांगितलं होतं. त्याचा पाय ब्रेकवर नव्हता.

मग त्याने ब्रेक दाबला. गाडी कडेला लागली.

"मी नाई मारली," साधना हळूच म्हणाली. दोन्ही हात झेंडूत.

समोर रस्ता मोकळा. ट्रॉली नाही, कुत्रंही नाही. मागून एक ट्रक हॉर्न देत गेला, "झोपला का बे!" ओरडून. शेखर सरळ पाहत राहिला. पोत्यांमधून फुलांचा उग्र वास येत होता. तो वाट पाहत होता, आणि साधनाला कळलं की काही झालं नाही तर तो इथेच संध्याकाळ करेल, उद्याही करेल.

तिने सुई फुलात खुपसली. हात पदराला पुसला. खिडकीतून बाहेर काढला.

तिचा हात अजून पत्र्याला लागलेला नव्हता.

थाप. थाप.

तिने हात तसाच हवेत धरला. शेखरने क्लच दाबला.