पाहुण्यांआधी आलेला उपग्रह

त्या सकाळी धनराज शिपायाच्या हाती तबक होतं, तबकात कात्री, आणि समोर फिजिक्स लॅबच्या दाराला आडवी लाल फीत. दोन हजार चारच्या विज्ञान दिनाचं प्रदर्शन होतं. प्रमुख पाहुण्यांच्या आधी आत चिटपाखरूही जाता कामा नये, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. नोकरीला लागल्यापासून धनराजने साहेबांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला थोडा तोराही होता.

पंचाईत अशी, की आत त्याच्याच मुलीचा प्रयोग मांडलेला होता. तृप्ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. केबल आल्यावर कॉलनीतल्या लोकांनी टीव्हीचे अँटेने भंगारात काढले. तिने त्यांच्या नळ्या गोळा केल्या आणि कॉलेजच्या गच्चीवर स्वतःचा अँटेना उभा केला. हवामानाचा उपग्रह डोक्यावरून जाताना जो आवाज पाठवतो, तो तिचा रेडिओ पकडणार आणि कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम त्याचं चित्र करणार, असा तो सगळा खटाटोप. या प्रयोगाने घरात सगळ्यांचं डोकं उठवलं होतं. चित्र कधी तिरकं यायचं, कधी अर्धं, कधी नुसत्या मुंग्या. आज परीक्षकांसमोर ते उमटताना दिसलं तरच मार्क मिळणार होते.

उपग्रह साडेदहाच्या सुमाराला येणार होता. पाहुणे दहाला येणार होते, पण त्यांची गाडी नाशिकच्याच द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकल्याचा फोन आला. तृप्ती प्राचार्यांकडे गेली आणि मला तेवढं आत सोडा म्हणाली. उपग्रहाला कसली घाई, पुढच्या फेरीला दाखव, असं सांगून ते पुष्पगुच्छ सांभाळत फाटकाकडे निघून गेले. पुढची फेरी संध्याकाळी होती. तोवर परीक्षक घरी जाऊन चहा पीत बसले असते.

तृप्ती परत आली. वडिलांशी एक अक्षर बोलली नाही, त्यांना अडचणीत टाकायचं नव्हतं तिला. तिने ओढणी सावरली आणि फितीखालून आत शिरायला खाली वाकली.

या इमारतीतल्या प्रत्येक दारात धनराज आजवर मान खाली घालून उभा राहिला होता, त्याचं त्याला काही नव्हतं. पण पोरीने आपल्याच कामाकडे चोरासारखं जायचं, हे काही त्याच्या डोळ्यांना बघवेना.

"वाकू नको," तो म्हणाला, आणि तबकातली कात्री उचलून त्याने फीत कापली.

तृप्तीने एकदा वडिलांकडे पाहिलं आणि धावतच टेबल गाठलं. मागोमाग व्हरांड्यात ताटकळलेले परीक्षक शिरले, मग पोरं. स्पीकरमधून आधी नुसती खरखर आली, मग तिच्यातून टिकटिक वर आली, स्पष्ट आणि एका लयीत. पडद्यावर वरून एकेक रेघ उतरू लागली. हिमालयाचा पांढरा बर्फ आला, मग गुजरातचा किनारा, मग आपला. चित्र तिरकं नव्हतं, अर्धंही नव्हतं. परीक्षक खुर्चीवरून पुढे सरकले. धनराज रिकामं तबक धरून मागे उभा होता. यात नाशिक कुठंय, एवढंच त्याने विचारलं. तृप्तीने बोट ठेवलं. तिथे करड्या रंगाशिवाय काहीच नव्हतं, तरी त्याचा ऊर भरून आला. आपली पोरगी एवढी मोठी कधी झाली, हे त्याला कळलंच नव्हतं.

प्राचार्य पाहुण्यांना घेऊन वर आले तेव्हा फितीची दोन टोकं जमिनीवर लोळत होती. पाहुणे परीक्षकांच्या घोळक्यात शिरून पडद्याकडे बघत राहिले. प्राचार्यांनी मात्र धनराजला दारापाशी बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, फीत कुणी कापली. मी कापली, धनराज म्हणाला. उद्या मेमो मिळेल, असं साहेबांनी सुनावलं.

"द्या साहेब," धनराज म्हणाला. त्याची मान ताठ होती. "पण कारण पुरतं लिहा. शिपायाने फीत कापली, एवढ्यावर थांबू नका. त्याच्या पोरीने आभाळातून अख्खा भारत खाली उतरवला, म्हणून कापली, असं लिहा."